विहीणबाईंची खापरपणजी

माझ्या मुलीनं अमेरिकन मुलाशी लग्न ठरवलं तेव्हा मला जावयापेक्षा विहीणबाईंची धास्ती जास्त होती. जावई तिनं निवडलेला, तो कसाही निघाला तरी निस्तरायचं तिला होतं. विहीण मात्र माझ्या पदरात न विचारता पडणार होती. मानपान, रुसवेफुगवे, पंगतीत काय कमी पडलं त्याची वर्षानुवर्षं चालणारी उजळणी, हे सगळं मी लहानपणापासून बघत आले होते. प्रत्यक्षात आमच्या विहीणबाई लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या स्वयंपाकघरात आल्या, बाह्या वर केल्या आणि सिंकमधली भांडी घासायला लागल्या. मी नको नको म्हणत राहिले आणि त्या घासत राहिल्या. तेव्हापासून आमचं जमलं.

मी ओहायोत डब्लिनला राहते. निवृत्त होईपर्यंत पॅथॉलॉजिस्ट होते. म्हणजे आयुष्यभर मायक्रोस्कोपखाली काचा बघितल्या आणि हे अमुकच आहे, तमुक नाही, असं ठामपणे लिहून खाली सही केली. या कामानं स्वभावाला एक ताठा येतो. आमच्या घरात त्याला 'आईचा फायनल रिपोर्ट' म्हणतात. विहीणबाई तासा-दोन तासांच्या अंतरावर एका लहानशा गावात एकट्या राहतात. पूर्वी त्या शाळेत गणित शिकवायच्या. बोलतात अर्थातच इंग्रजी, पण मला त्यांचं बोलणं आठवतं ते मराठीतच, म्हणून इथेही तसंच लिहिते.

मध्यंतरी त्यांच्या डोळ्यांचं दुखणं वाढलं. नजरेचा मधला भाग पुसत चालला, कडेचं तेवढं दिसायचं. समोरच्या माणसाचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही, असं सांगून त्याच हसायच्या. त्यातच काचबिंदू निघाला, म्हणजे उरलेली नजर आता कडेनंही कुरतडली जाणार होती. वाचन सुटलं, गाडी चालवणं सुटलं. एका रविवारी माझ्याकडे जेवायला आल्या होत्या तेव्हा त्या म्हणाल्या, "मला एक गोष्ट बघायची आहे. दिसतंय तोवर."

त्यांना त्यांच्या खापरपणजीची कबर बघायची होती.

या खापरपणजीची गोष्ट त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या सांगितली जात होती. गोष्ट म्हणजे एकच वाक्य: ती ओहायोहून आयोवाला चालत गेली. मध्ये दोन अख्खी राज्यं, बैलगाडीत सामान आणि पोरं, आणि ही बाई गाडीच्या बाजूनं पायी. बैलांवरचं ओझं वाढू नये म्हणून मोठी माणसं चालायचीच म्हणे. विहीणबाईंना शाळेत जायचा कंटाळा आला की त्यांचे वडील ओरडायचे, "ती आयोवाला चालत गेली, तुला कोपऱ्यावरच्या शाळेत जाता येत नाही?" पुढे विहीणबाईंचे आजोबा टायरच्या कारखान्यात नोकरी मिळाली म्हणून आगगाडीत बसून परत ओहायोला आले. एवढी पायपीट करून गेलेल्या बाईच्या नातवानं हे करावं याचं मला हसू आलं, पण विहीणबाईंचा चेहरा बघून मी ते गिळलं. त्या बाईचं नाव काय, ती कुठली, कुठे पुरली, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. "आम्ही सगळे तिच्या पायांवर उभे आहोत आणि तिला नाव नाही," विहीणबाई म्हणाल्या. "एकदा तिच्यासमोर उभं राहायचंय मला."

मी म्हटलं, डोळे तुमचे जातायत, माझे शाबूत आहेत. मी वाचते, तुम्ही ऐका.

अशी आमची रविवारची बैठक सुरू झाली. जेवणं झाली की मी लॅपटॉप उघडायची, विहीणबाई शेजारी चहाचा कप घेऊन बसायच्या, आणि त्यांना गाडीनं घेऊन येणारी मुलगी येता-जाता डोकावायची. सुरुवातीला मला वाटलं होतं, दोन-तीन रविवारांचं काम. पण मी त्या जुन्या नोंदींत जी अडकले ती अडकलेच. फिकटलेल्या शाईतली ती वळणदार अक्षरं, पानाच्या कडेला पडलेला कुणाच्या तरी बोटाचा डाग. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी कोणी एक माणूस घोड्यावर बसून दारोदार गेला होता, दारात उभं राहून त्यानं विचारलं होतं, घरात कोण कोण आहे. आणि आत्ता मी डब्लिनमध्ये जेवणाच्या टेबलाशी बसून ते उत्तर ऐकत होते. माझ्या अंगावर खरोखर काटा यायचा.

या जनगणनांची तऱ्हा अशी की अगदी जुन्या नोंदींत नाव फक्त घरातल्या कर्त्या पुरुषाचं. बाकी सगळी माणसं म्हणजे रकान्यांतले आकडे, इतक्या वयाच्या बायका इतक्या, मुलं इतकी. पुढे एका जनगणनेपासून घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहायला लागले, पण कोण कोणाचं कोण लागतं हे लिहायला आणखी तीस वर्षं जावी लागली. आणि प्रत्येकाचं म्हणजे तरी कोणाचं, तर जे गुलाम नव्हते त्यांचं. गुलामांचे कागद वेगळे, तिथे मालकाचं नाव आणि खाली नुसती वयं. ज्यांच्या जमिनींवर हे गाडीवाले जाऊन बसले ते मूळ लोक तर बहुतेक कुठल्याच रकान्यात नाहीत. हे वाचताना मी चिडायचे, लॅपटॉपशी मराठीत भांडायचे. विहीणबाई मला थांबवत नसत. "वाचा," म्हणायच्या, "तेही वाचा."

खापरपणजोबा आम्हाला लवकर सापडले. पुरुष सापडतातच. ओहायोच्या पूर्व भागातल्या एका तालुक्यात कराच्या यादीत त्यांचं नाव एका वर्षी आहे आणि पुढच्या वर्षी नाही. त्यानंतर आयोवात सरकारकडून जमीन घेतल्याचा कागद. ते नाव असणं आणि नसणं यांच्या मधल्या फटीत अख्खा प्रवास होता. विहीणबाई म्हणाल्या, "त्या फटीत ती चालतेय." मी माझा हात त्यांच्या हातावर ठेवला.

निघण्याआधीच्या ओहायोतल्या जनगणनेत घर असं होतं: खापरपणजोबा, बायको वय सव्वीस, जन्म पेनसिल्व्हेनिया, थोरला मुलगा सहा वर्षांचा, खाली दोन धाकटी. तो सहा वर्षांचा मुलगा म्हणजे विहीणबाईंचे पणजोबा. दहा वर्षांनंतर आयोवातल्या जनगणनेत तेच खापरपणजोबा, तीच तीन मुलं आता मोठी झालेली, शिवाय आणखी तीन लहान. आणि बायकोचं नाव वेगळं.

मुलगी मागे उभी राहून सफरचंद खात होती. ती म्हणाली, "ओके, सेकंड वाइफ."

"थांब," मी म्हटलं. कारण मला त्या पानावर दुसरंच काही दिसलं होतं. आयोवात जन्मलेल्या पहिल्या मुलीचं नाव होतं तेच, जे ओहायोत आईचं नाव होतं.

इथे मला माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. माझं लग्न झालं तेव्हा ताटात तांदूळ पसरून त्यावर आमच्या ह्यांनी अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं. सगळ्यांना पेढे वाटले, आणि बाविशीपर्यंत ज्या नावाला मी ओ दिली ते नाव दुपारी जेवणं होईस्तोवर संपलं. तेव्हा त्याचं वाईट वाटलं असं नाही, सगळ्यांचंच बदलायचं. पण पुढे अमेरिकेत आल्यावर एकदा पासपोर्टच्या कामासाठी शाळेचा दाखला काढला आणि त्यावरचं नाव वाचून मला क्षणभर कळेना की ही कोण मुलगी.

तेव्हा आयोवाचं ते पान बघताच माझा फायनल रिपोर्ट तयार झाला. बाई एकच. लग्नात नाही तर प्रवासात, नव्या जागी आल्यावर नवऱ्यानं नाव बदललं असणार. आणि बाईनं काय केलं, तर आपलं हिरावलेलं नाव पहिल्या मुलीला देऊन टाकलं. स्वतःचं नाव वाचवायची किती हुशार युक्ती! हे मी विहीणबाईंना एका दमात सांगितलं.

विहीणबाई कप खाली ठेवून माझ्याकडे, म्हणजे माझ्या कानाकडे बघत राहिल्या. "तुमच्याकडे पहिलं नाव बदलतात?" त्यांनी विचारलं. "पूर्वी सर्रास बदलायचे," मी म्हटलं. "तुमचं काय होतं?" मी सांगितलं. त्यांनी ते हळू दोनदा म्हणून बघितलं. उच्चार बराच बरा जमला.

"आई, इकडे असं नाही करत कोणी," मुलगी म्हणाली. "यू कान्ट जस्ट अझ्यूम. आणि एज बघ ना, ट्वेंटी-सिक्सची टेन इयर्सनी थर्टी?"

बायकांचं वय दहा वर्षांत चारच वर्षांनी वाढावं यात मला काहीच अशक्य वाटलं नाही. तीस वर्षांच्या बाईला सोळा वर्षांचा मुलगा, तर आमच्या आज्या-पणज्यांना नव्हते का झाले? जन्मस्थान पेनसिल्व्हेनियाचं व्हर्जिनिया झालं होतं, ते मी शेजाऱ्यांवर ढकललं. घरी कोणी नसलं की गणना करणारा शेजारच्या घरी विचारून लिहायचा, हे मी कुठेतरी वाचलं होतं. लॅबमध्ये कोणा ज्युनियरनं तीन न जुळणाऱ्या खुणांवर असं निदान केलं असतं तर मी त्याला काच घेऊन परत पाठवलं असतं. शितावरून भाताची परीक्षा करायची, तर शीत निदान त्याच भातातलं हवं. पण मला ती गोष्ट फार आवडली होती, आणि मुलीनं तिच्या लग्नात नाव काय, आडनावही बदललेलं नव्हतं, तिला काय कळणार असंही वाटलं. आयोवातली लग्नाची नोंद मिळाली असती तर तिथेच उलगडा झाला असता, पण तिथली कचेरी फार पूर्वी जळून गेली होती, कागदांसकट.

हौशी लोक जुन्या दफनभूमींत फिरून दगडांचे फोटो इंटरनेटवर टाकतात. अशाच एका फोटोत खापरपणजोबांचा दगड सापडला, आयोवाच्या एका खेड्याबाहेर. दगडावर त्यांचं नाव, आणि पुढच्या फोटोत बाजूवर बायकोचं, ते आयोवातलं. विहीणबाईंनी स्क्रीनला जवळजवळ नाक लावून, मान वाकडी करून तो बघायचा प्रयत्न केला. मग म्हणाल्या, "जाऊ या."

मे महिन्याच्या अखेरीस आम्ही निघालो, आम्ही दोघी आणि गाडी चालवायला मुलगी. विहीणबाईंनी त्यांच्या अंगणातली पिओनीची फुलं तोडून ओल्या फडक्यात गुंडाळून पायाशी बादलीत ठेवली होती. या दिवसांत इथले लोक आपल्या माणसांच्या कबरींवर हीच फुलं वाहतात. इंडियाना गेलं, इलिनॉय आलं. दोन्ही बाजूंना सपाट काळी जमीन, मका नुकता घोट्याएवढा उगवलेला, आणि वर आभाळ इतकं की मान दुखावी. आमच्यातले लोक अशा वेळी म्हणतात की आपणही स्थलांतरितच, आपणही असेच आलो. मला ते पटत नाही. मी विमानातून आले, दोन वेळचं जेवण बसल्या जागी खाऊन. मी खिडकीतून बघत विचार करत होते की या जमिनीवरून पोटुशी किंवा कडेवर पोर घेतलेली एक बाई दिवसभर चालायची, रात्री निजायची, आणि सकाळी उठून बघायची तर पुढे तेच आभाळ, तितकंच. हे तिनं कसं केलं असेल ते मला समजत नव्हतं, अजूनही समजलेलं नाही. आयोवाच्या हद्दीवरची मिसिसिपी ओलांडताना विहीणबाईंनी काच खाली करायला लावली आणि नदीचा वास घेतला.

दफनभूमी एका टेकाडावर होती, भोवती शेतं. लोखंडी फाटक, तीन-चार सीडरची झाडं, दगड बरेचसे वाकलेले. आमचा दगड म्हणजे पुरुषभर उंचीचा चौकोनी खांब, वर निमुळता होत गेलेला. समोरच्या बाजूला खापरपणजोबा, उजव्या बाजूला त्यांची बायको. मुलीनं गाडीतून घडीची खुर्ची आणली, पण विहीणबाई बसल्या नाहीत. त्या उजव्या बाजूसमोर जाऊन उभ्या राहिल्या. फुलं खाली ठेवली, दगडाला हात लावला, आणि म्हणाल्या, "आजी, आले मी."

मी जरा लांब उभी राहून हात जोडले. मग पाय आपोआप चालायला लागले. कुठल्याही उभ्या दगडाला नमस्कार केला की मला प्रदक्षिणा घालायची सवय आहे, त्यात देव आहे की नाही हे मी बघत नाही. मागची बाजू कोरी होती. चौथ्या बाजूवर, डावीकडे, दगडफुलाचा जाड थर साचला होता आणि त्याखाली अक्षरं होती. मी ओल्या फडक्यानं पुसून वाचलं. वर ओहायोतलं ते नाव. खाली लिहिलं होतं की ही त्यांची पहिली पत्नी, वाटेत वारली, नदीच्या पूर्वेला रस्त्याच्या कडेला तिला ठेवलं आहे.

मी ते पुन्हा वाचलं. माझे कान तापले. मुलगी माझ्या शेजारी आली, तिनंही वाचलं, आणि देवाची कृपा की "आय टोल्ड यू" असं काही म्हणाली नाही.

पलीकडच्या बाजूला विहीणबाई दगडावर तळहात ठेवून अजून उभ्या होत्या. ज्या बाईला त्यांनी आजी म्हणून हाक मारली होती तिच्याशी त्यांचं रक्ताचं काही नातं नव्हतं. क्षणभर वाटलं, सांगू नये. डोळ्यांना तर दिसत नाही, घरी जाऊ समाधानानं. पण आयुष्यात मी कधी रिपोर्ट दाबून ठेवला नाही, चुकलेला तर नाहीच. मी जाऊन त्यांना सांगितलं, माझं चुकलं म्हणून सांगितलं, आणि हाताला धरून त्या चौथ्या बाजूला नेलं. त्यांनी मान वळवून कडेच्या नजरेनं बघितलं, मग बोटं फिरवून एकेक अक्षर चाचपलं. वारा चांगलाच होता.

"म्हणजे जी चालत निघाली," शेवटी त्या म्हणाल्या, "ती पोचलीच नाही."

"नाही."

"आणि कुठे आहे तेही कळणार नाही."

डॉक्टर म्हणून माझ्या डोक्यात ती कशानं गेली असेल याची तीन कारणं येऊन गेली, पटकी, बाळंतपण, ताप. मी एकही बोलले नाही. नुसतं "नाही" म्हटलं. विहीणबाई खुर्चीवर बसल्या आणि त्यांचं तोंड एवढंसं झालं. इतका लांबचा प्रवास करून मी त्यांना दुसऱ्याच बाईसमोर आणून उभं केलं होतं. मला रडू येत होतं आणि स्वतःचा संतापही.

त्या अवस्थेत मी त्या दगडाकडे बघत राहिले, काचेकडे बघावं तसं. समोरची अक्षरं आणि चौथ्या बाजूची अक्षरं एकाच हातची होती, तीच जाडी, तीच वळणं. उजव्या बाजूची मात्र नंतरची, बारीक. म्हणजे खापरपणजोबा गेले तेव्हा त्यांच्या नावाबरोबरच पहिल्या बायकोचं नाव कोरलं गेलं होतं. आणि तेव्हा दुसरी जिवंत होती. दगड उभा करणारी तीच असणार.

आणि मला माझ्या वडिलांची आत्या आठवली. तिला बिजवराला दिली होती. तिच्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर चांदीचा एक छोटा चपटा टाक असायचा, त्यावर बाईची आकृती. आम्हा पोरांना वाटायचं, कुठली तरी देवी आहे. ती सवत होती. तिच्या आधी त्या घरात येऊन मरून गेलेली बाई. आत्या आधी टाकाला हळदकुंकू लावायची, मग स्वतःला. जेवायला बसताना पहिला घास त्या बाईच्या नावानं काढायची. सवतीचा टाक घातला नाही तर ती त्रास देते, पोरांच्या मुळावर येते असं म्हणायचे, तेव्हा त्यात अर्धी भीतीच होती हे मला मान्य आहे.

मी हे विहीणबाईंना सांगितलं. म्हटलं, आमच्याकडे दुसरी बायको पहिलीला गळ्यात बांधते, कारण तशी रीत आहे, आणि न बांधायची हिंमत नाही. तुमच्या या बाईला कोणी सांगितलं नव्हतं. तिला कसली रीत नव्हती. तरी तिनं पोटच्या पहिल्या मुलीला हिचं नाव दिलं.

विहीणबाई ऐकत होत्या. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "तेव्हा माझे पणजोबा केवढे असतील?"

"सात-आठ वर्षांचे."

"म्हणजे संध्याकाळी ही दारात उभी राहून पोरांना आत बोलवायची, तेव्हा..." त्या थांबल्या. "तेव्हा रोज त्याच्या आईच्या नावानं हाक मारायची."

मी दफनभूमीत, भर दुपारच्या उन्हात उभी होते. मला स्पष्ट ऐकू आली ती हाक, शेतावरून जाणारी. आई वाटेत मातीत ठेवून आलेला एक मुलगा, कुंपणाशी काहीतरी करत असलेला, आणि दारातून येणारं ते नाव. ती बाई तेव्हा एकविशी-बाविशीची असेल. पहिलीला तिनं कधी बघितलं होतं की नाही कोण जाणे. दुसऱ्या कोणाला तिच्या जागी असं सुचलं असतं का, मला नसतं सुचलं. मी आयुष्यात पुष्कळ हुशार माणसं बघितली, मोठ्या मनाची माणसंही बघितली, पण इतकं साधं आणि इतकं मोठं काही कोणी केलेलं मी ऐकलेलं नाही. माझी नाव वाचवण्याची युक्ती त्यापुढे अगदी पोरकट होती.

मुलीनं विचारलं, "फुलं तिकडच्या साइडला ठेवू का थोडी?"

"राहू दे," विहीणबाई म्हणाल्या. "ती हिचीच आहेत." उठून त्या परत उजव्या बाजूला गेल्या, दगडावर कपाळ टेकवलं आणि काहीतरी बोलल्या. ते मला ऐकू आलं नाही आणि मी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी परतताना मिसिसिपीचा पूल ओलांडून आम्ही इलिनॉयमध्ये शिरलो, तशा विहीणबाई मुलीला म्हणाल्या, "मोठा रस्ता सोड. जुना रस्ता कुठला असेल त्यानं चल." जुना म्हणजे किती जुना, आणि गाड्या तेव्हा नेमक्या कुठून गेल्या, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. मुलीनं फोनवर बघून शेतांमधून जाणारा एक दुपदरी रस्ता घेतला. कुठे धान्याची उंच कोठारं, कुठे एकटंच घर, बाकी मका आणि आभाळ. थोड्या वेळानं विहीणबाई म्हणाल्या, "थांब."

"इथे?" मुलगी म्हणाली. "काकू, इथे काहीच नाहीये." लग्नापासून ती सासूला काकूच म्हणते, आणि त्यांना तो शब्द आता चांगला कळतो.

"नदीच्या पूर्वेला, रस्त्याच्या कडेला," विहीणबाई म्हणाल्या. "इथे आहे."

आम्ही उतरलो. कडेला चर होता, त्यात उंच गवत, पलीकडे शेत. ठेवायला फुलं नव्हती. विहीणबाई माझा हात धरून गवतात उभ्या राहिल्या, आणि मग त्यांनी दोन्ही हात तोंडाशी नेऊन हाक मारली. खापरपणजीच्या नावानं, जेवायला बोलवावं तशी, शेवटचं अक्षर लांबवून. आवाज थरथरत होता, पण गणिताच्या बाईंचा होता. शेतावरून तो गेला. मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही पण."

मला लाज वाटली. मुलगी समोर, दिवसाढवळ्या, परमुलखातल्या शेतात. तरी मी हाक मारली. दुसऱ्यांदा मारली तेव्हा लाज गेली होती.

मागून एक पिकअप ट्रक आला आणि हळू होऊन थांबला. त्यात मातीनं माखलेली टोपी घातलेला, आमच्याच वयाचा एक शेतकरी होता. त्यानं काच खाली केली. "कुत्रं हरवलंय का?"

"नाही," विहीणबाई म्हणाल्या. "माझी आजी. पूर्वी इथून चालत जात होती, वाटेत गेली. कुठे ठेवली ते माहीत नाही."

त्यानं आमच्या तिघींकडे बघितलं. मग शेताकडे बघितलं, कडेपासून कडेपर्यंत. हसला नाही. त्यानं इंजिन बंद केलं, खाली उतरून टोपी काढली आणि विचारलं, "नाव काय म्हणालात?"

विहीणबाईंनी नाव सांगितलं. त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि हाक मारली. जन्मभर मोकळ्या रानात गुरांना हाका मारलेला आवाज होता तो, आमच्या दोघींच्या आवाजापेक्षा कितीतरी लांब गेला.